खाजण, उघाडी, धारण तलाव : नवी मुंबईच्या खाडीकाठाची पार्श्वभूमी

थंडी पडली की नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला माणसं येऊ लागतात. सकाळी तळं, दुपारी दिवाळे गावात मासळी, वेळ उरला तर बेलापूरचा पडका बुरूज, अशी एका दिवसाची भटकंती आता ठाणेकरांच्याही यादीत आली आहे. पण बरेच जण एकच तक्रार घेऊन परततात : गेलो तेव्हा एकही पक्षी नव्हता. भरती-ओहोटीच्या वेळा न बघता गेलं की असंच होतं. ओहोटीला रोहित खाडीच्या उघड्या पडलेल्या चिखलात चरतात. भरतीनं तो चिखल बुडाला की आतल्या तळ्यांवर येऊन टेकतात. चरायला खाडी आणि विसाव्याला तळं, त्यांना दोन्ही लागतं.

ही तळी आली कुठून आणि त्यांना नेमकं म्हणायचं काय, यावरून जो वाद पेटला आहे त्याची मुळं शहराहून जुनी आहेत.

जुना इतिहास थोडक्यातच सांगतो. भात, मीठ आणि मासळी यांवर इथली गावं जगली. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरून आगरी, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. बेलापूरचा किल्ला सिद्दी, पोर्तुगीज, मराठे असा हात बदलत 1817 मध्ये इंग्रजांकडे गेला. किल्ल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. बांधांवर फारसं कुणी लिहीत नाही, आणि या काठाचा इतिहास तर बांधांतच आहे.

भरतीचं पाणी जिथवर पोचतं ती सखल, खारवट जमीन म्हणजे खाजण. माती-दगडाचे बांध घालून तिच्यात भात पिकवला गेला. जुन्या महसुली कागदांत अशा जमिनीला शिलोत्री म्हटलेलं आढळतं. पण नुसत्या बांधानं भागत नाही. पावसाचं पाणी आत तुंबलं तर रोप कुजतं. म्हणून बांधात मोक्याच्या जागी उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे खाडीच्या बाजूला, वरच्या कडेनं टांगलेली लाकडी झडप. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याचा रेटा तिला चौकटीवर दाबून घट्ट बसवतो. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी तिला ढकलून वाट काढतं. उघडायला-मिटायला माणूस लागत नाही. मात्र फळीखाली एखादी काटकी अडकली तर खारं पाणी आत शिरतं, आणि बांधाला खांड पडली तर जमीन पुढचे काही हंगाम हातची जाते. म्हणून पुनव-अमावास्येच्या उधाणाला बांधावर लक्ष ठेवावं लागे. बांध राखणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, ते गावकीचं काम. सरकारनं या जमिनींसाठी 1948 मध्ये आणि मग 1979 मध्ये खारभूमीचे कायदे केले. तोवर इथला काठ बांधांच्या हाती राहिलेला नव्हता.

1970 पासून नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातली 95 गावं आखली गेली. गावठाणं राहिली, खाचरं गेली. जमिनी घेण्याविरुद्धचं जानेवारी 1984 चं जासईचं आंदोलन, गोळीबारात गेलेले पाच जण आणि त्यातून पुढे आलेली, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना इथल्या वाचकाला नव्यानं सांगायला नको.

भराव टाकूनही शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली राहतो. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर पाणी जाणार कुठे? म्हणून खाडीलगत मोठे तलाव राखले गेले. भरतीच्या वेळी नाल्यांचं पाणी तिथे थोपवायचं आणि ओहोटीला झडपांतून खाडीत सोडायचं. यांना होल्डिंग पाँड म्हणतात, मराठीत धारण तलाव. सगळीकडे याचा उल्लेख ‘डच पद्धत’ असा होतो. डचांचं श्रेय त्यांना जरूर द्यावं. पण भरतीच्या रेट्यानं मिटणारी आणि ओहोटीला आपोआप उघडणारी झडप इथल्या बांधांतही होती आणि तिला आपल्या भाषेत नाव होतं. ज्यांची खाचरं या शहराखाली गेली त्यांच्या हातचं हे ज्ञान शहराच्या इतिहासात एका ओळीनंही येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खरा गुंता शब्दांचा आहे. सगळीच तळी धारण तलाव म्हणून आखलेली नव्हती. काही ठिकाणी भराव आणि रस्ते यांच्यामध्ये खाजणाचा तुकडा उरला, भरतीचं पाणी येत राहिलं आणि तळं झालं. शहर आखणाऱ्यांची बाजू अशी की हे जलसाठे मानवनिर्मित आहेत, तेव्हा त्यांना पाणथळ म्हणता येत नाही आणि जमीन विकासासाठी मोकळी आहे. पक्षीप्रेमी आणि मच्छीमार म्हणतात, पाणी आहे, गाळ आहे, पक्षी आहेत, मग पाणथळ नाही तर दुसरं काय?

कायद्यात काय आहे? पाणथळ जागा राखण्यासाठी देशादेशांत झालेल्या 1971 च्या रामसर कराराच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम, कायमची आणि हंगामी, गोडी आणि खारी, सगळी पाणथळ बसते. समुद्राचं पाणी ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असेल तर तेही त्यात येतं. आपल्या देशाचे 2017 चे नियम हीच व्याख्या घेतात, पण तिला अपवाद जोडतात : नद्यांचे प्रवाह, भातखाचरं, आणि पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणूक यांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे. म्हणजे या काठाच्या दोन्ही जुन्या ओळखी, भाताचं खाचर आणि मिठागर, व्याख्येबाहेर पडल्या. पण पुराचं पाणी थोपवण्यासाठी केलेला तलाव त्या यादीत नाही. ‘मानवनिर्मित आहे, म्हणून पाणथळ नाही’ हे वाक्य नियमांच्या भाषेत टिकत नाही, असं माझं वाचन आहे. अर्थात व्याख्येत बसलं की काम झालं असंही नाही. सागरी किनारा नियमन क्षेत्रातल्या पाणथळींना हे नियम लागू होत नाहीत, तिथे किनाऱ्याचे नियम बघावे लागतात. त्यामुळे तळं एकच असलं तरी दोन्ही बाजू वेगवेगळा कायदा उघडून बसतात.

धारण तलावांची एक अडचणही मान्य करायला हवी. गाळ साचला, त्यात खारफुटी उगवली. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशानं मनाई आहे, त्यामुळे गाळ काढणं अडतं. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं तेव्हा तिथल्या रहिवाशाचा रागही खोटा नसतो.

2018 हे वर्ष वळणाचं ठरलं. नेरुळच्या पाणथळीवर गोल्फ मैदान आणि इमारती उभारण्याचा बेत उच्च न्यायालयानं त्या वर्षी फेटाळला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याआधी 2015 च्या ऑगस्टमध्ये ठाणे खाडीचा 1,690 हेक्टर भाग रोहित अभयारण्य झाला होता आणि 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. चौकाचौकांत रोहितांचे पुतळे आले. भरतीच्या वेळी पक्षी जिथे बसतात ती नेरुळ-सीवूड्सची तळी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेरच राहिली. 2024 च्या उन्हाळ्यात सीवूड्सच्या सुमारे तीस एकरांच्या तळ्यात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तळं आटलं आणि त्याच दिवसांत रोहित मेले. पुढच्या वर्षी या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्य पातळीवर संमती मिळाली.

मासळीवरही याच पाण्याची सत्ता आहे. पेण-अलिबागकडे उघाडीतून आत आलेली जिताड्याची पिल्लं तळ्यात वाढवायची आणि मोठा जिताडा जावयासाठी राखायचा, ही रीत प्रसिद्धच आहे. इकडच्या काठाची खास चव निवट्यांची. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा, पोटाशी पंखासारखे पर असलेला बोटभर मासा. हात लावला की बिळात जातो, म्हणून धरणाऱ्याला कोपरापर्यंत हात चिखलात घालावा लागतो. घरी आणून राखेत चोळायचा, बुळबुळीत साय निघेपर्यंत. मग आगरी मसाला, चिंच आणि पातळ कालवण, सोबत तांदळाची भाकरी. हॉटेलांच्या यादीत हा मासा क्वचितच असतो. दिवाळ्याच्या बाजारात सकाळी लवकर जाऊन टोपल्यांत बघावं, आणि निघण्याआधी ओहोटी किती वाजता लागते ते पाहून घ्यावं.