पुनरागमन बॉक्सरचं, पण त्याच्या मेंदूचं काय?

हेवीवेट बॉक्सर लागोपाठ दोन लढती हरला, की पुढची बातमी काय असणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. काही महिने तो गप्प बसतो. मग एक दिवस जाहीर करतो, ‘मी परत येतोय.’ नवा प्रशिक्षक, नवा आहार, वजन इतक्या किलोने कमी, आता मन शांत आहे, जुनी भूक परत आली आहे. चाहते खूश होतात, तिकिटं विकली जातात. या सगळ्या योजनेत स्नायूंचा विचार असतो, मनाचा असतो, पैशाचा तर असतोच. ज्या अवयवावर ठोसे बसले, त्याचा उल्लेख मात्र शोधूनही सापडत नाही.

अमेरिकेचा डिऑन्टे वाइल्डर हे यातलं अगदी ठळक उदाहरण. अलाबामा राज्यातल्या टस्कलूसाचा हा खेळाडू. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं (आपल्या विजेंदर सिंगचं कांस्यही त्याच ऑलिंपिकमधलं). 2015मध्ये तो डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) या संघटनेचा जगज्जेता झाला आणि ते पद त्याने दहा वेळा राखलं. त्याचा उजवा हात म्हणजे दहशत होती. फेब्रुवारी 2020मध्ये लास व्हेगासला टायसन फ्युरीने त्याला हरवलं आणि ऑक्टोबर 2021मध्ये पुन्हा हरवलं. ऑक्टोबर 2022मध्ये रॉबर्ट हेलेनियसला पहिल्याच फेरीत झोपवून तो परतला, आणि मग पुन्हा दोन पराभव झाले. डिसेंबर 2023मध्ये रियाधला जोसेफ पार्करकडून तो गुणांवर हरला, तर 1 जून 2024ला चीनच्या झांग झिलेईने त्याला पाचव्या फेरीत संपवलं. लागोपाठ पराभव आणि पुनरागमन हा फेरा त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीत दोनदा आला.

2020च्या पराभवानंतर वाइल्डरने एक कारण सांगितलं होतं, आणि ते जगभर गाजलं. रिंगमध्ये येताना त्याने घातलेला पोशाख चाळीस पौंडांहून जड होता, त्यामुळे पायातली ताकदच गेली, असं तो म्हणाला. लोक हसले. मला मात्र त्या वाक्यातला ‘पाय’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. ती लढत पाहिली तर तिसऱ्या फेरीत डोक्याच्या बाजूला ठोसा बसून वाइल्डर खाली पडताना दिसतो. त्यानंतर त्याचे पाय ठिकाणावर नव्हते आणि डाव्या कानातून रक्त येत होतं. सातव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून मार्क ब्रेलँड या प्रशिक्षकाने टॉवेल फेकला आणि लढत थांबली. डोक्याला मार बसल्यावर पाय लटपटतात तेव्हा मांडीचे स्नायू जागेवरच असतात. बिघडलेली असते ती मेंदूकडून पायांपर्यंत आणि पायांकडून मेंदूपर्यंत चाललेली संदेशांची ये-जा. हा बिघाड नेमका कसा होतो, ते पाहू.

बहुतेकांच्या मनात असं चित्र असतं, की ठोसा बसला, मेंदू कवटीच्या आतल्या बाजूवर आदळला आणि त्याला मुका मार लागला. असं होतं, नाही असं नाही, पण बेशुद्धीचं मुख्य कारण ते नव्हे. ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने 1943मध्येच हे मांडलं. त्याने कवटीच्या आकाराच्या पोकळीत जिलेटिन भरून मेंदूची प्रतिकृती केली आणि तिला निरनिराळ्या प्रकारे हिसके दिले. त्याचा निष्कर्ष असा होता, की डोकं सरळ रेषेत ढकललं तर मेंदूच्या आत फारसं काही होत नाही, पण डोकं झटक्याने वळलं तर आत मोठी विरूपणं, म्हणजे आकारातले बदल, तयार होतात.

यामागचं भौतिकशास्त्र मला फार आवडतं. मेंदू दाबून त्याचं आकारमान कमी करणं जवळजवळ अशक्य, अगदी पाण्याइतकंच अशक्य. पण त्याचा आकार बदलणं, म्हणजे त्याचा एक थर दुसऱ्यावरून सरकवणं, अतिशय सोपं. या दोन गुणधर्मांची आकड्यांत तुलना केली तर मेंदूचा दाबाला होणारा विरोध हा सरकवण्याला होणाऱ्या विरोधाच्या सुमारे दहा लाख पट भरतो. वाटीतला ताजा खरवस आठवा. वाटी टेबलावर सरळ पुढे ढकलली तर खरवस वाटीबरोबर निमूट जातो. तीच वाटी जागच्या जागी झटकन गर्रकन फिरवली, तर कडेचा भाग वाटीबरोबर जातो, मधला मागे राहतो आणि आत चिरा पडतात.

डोक्याचंही तसंच. कवटी वळते आणि सुमारे 1400 ग्रॅमचा मेंदू जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो. तो कवटीतल्या मस्तिष्क-मेरुद्रव या द्रवात तरंगत असतो, त्यामुळे एरवी त्याचं वजन पन्नासेक ग्रॅमच भासतं. पण हे तरंगणं वजनापासून वाचवतं, वळण्यापासून नाही. मेंदूचा बाहेरचा थर कवटीबरोबर ओढला जातो, आतला भाग मागे राहतो, आणि या दोघांना जोडणारे तंतू ताणले जातात. हनुवटीच्या टोकावर बसलेला ठोसा इतका घातक का, हेही इथे समजतं. हनुवटी मानेच्या सांध्यापासून लांब असते, म्हणून तिथे लावलेलं बल डोकं वळवायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. झांगने वाइल्डरला पाचव्या फेरीत मारलेले ठोसे आठवा. पहिल्या ठोशाने वाइल्डर नुसता मागे रेटला गेला नाही, तो भोवऱ्यात सापडल्यासारखा पूर्ण बाजूला वळला, आणि पुढच्या ठोशाने खाली गेला. ते दृश्य म्हणजे होलबर्नचा प्रयोग होता.

आता बलाचे आकडे पाहू. 1985मध्ये ब्रिटिश संशोधकांनी फ्रँक ब्रुनो या हेवीवेट बॉक्सरचा ठोसा मोजला. त्याच्या मुठीचा वेग सेकंदाला 8.9 मीटर होता आणि कमाल बल सुमारे 0.4 टन. डोक्याच्या जागी ठेवलेल्या लक्ष्याला गुरुत्वत्वरणाच्या 53 पट त्वरण मिळालं. सहा किलोचा, कापड गुंडाळलेला लाकडी हातोडा ताशी 20 मैल वेगाने डोक्यावर मारावा तसा हा आघात, असा हिशेब त्यांनी मांडला होता. आणि इथे हेवीवेट गटाचा एक घातक मुद्दा येतो. बॉक्सरचं वजन साठ किलोवरून एकशे दहावर गेलं की ठोशाचं बल भरपूर वाढतं, पण ठोसा खाणाऱ्याचा मेंदू त्या प्रमाणात मोठा होत नाही, तो राहतो तेवढाच. व्यावसायिक हेवीवेट लढतींतले हातमोजे दहा औंसांचे असतात. हातमोजे मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताची हाडं वाचवतात, म्हणून तर डोक्यावर जोरात मारता येतं.

सुतार पक्ष्याचा दाखला इथे कोणीतरी हमखास देतो, की तो दिवसभर चोच आपटतो, त्याच्या कवटीत धक्के शोषण्याची सोय आहे, तशी हेल्मेटं बनवू या. 2022मध्ये अँटवर्पच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी मोजमाप करून दाखवलं, की त्याच्या कवटीत धक्के शोषले जातच नाहीत, ती ताठ हातोडीसारखी वागते. पक्षी सुरक्षित राहतो कारण त्याचा मेंदू इवलासा असतो, आणि लहान मेंदूत थर एकमेकांवरून सरकायला वावच कमी मिळतो. ‘निसर्गाकडून प्रेरणा’ असं छापून विकल्या जाणाऱ्या क्रीडासाहित्याकडे यापुढे सावधपणे पाहा.

आता ताणल्या गेलेल्या तंतूंकडे वळू. चेतापेशीचा लांब धागा म्हणजे अक्षतंतू. त्याची जाडी एका मायक्रोमीटरच्या आसपास असते, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर असू शकते. त्याच्या आत लांबीच्या दिशेने सूक्ष्मनलिका असतात आणि त्यांवरून प्रथिनं, तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) वगैरे माल सतत वाहून नेला जातो. या नलिकांना एकत्र बांधून ठेवतं टाऊ नावाचं प्रथिन. अक्षतंतू हळू ताणला तर नलिका एकमेकींवरून सरकतात आणि काही बिघडत नाही, आपण मान वळवतो तेव्हा हेच घडतं. पण काही मिलिसेकंदांत ताणला तर टाऊला सैल व्हायला वेळच मिळत नाही. नलिका ताठ राहतात आणि जागोजागी मोडतात. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात काचपात्रात वाढवलेल्या अक्षतंतूंवर हे प्रयोग झाले आहेत. झटक्याने ताणलेला अक्षतंतू सहसा त्याच क्षणी तुटत नाही. ताण गेल्यावर तो नागमोडी होऊन पडतो आणि हळूहळू सरळ होतो. मात्र आत जिथे नलिका मोडल्या, तिथे वाहतूक अडते, माल साचतो, फुगवटे येतात. आणि मग काही तासांनी, कधी काही दिवसांनी, तो तिथे तुटतो. म्हणजे खरी तुटातूट रिंगमध्ये होतच नाही. ती सुरू होते तेव्हा लढत संपलेली असते, बॉक्सर उठून उभा असतो, मुलाखत देत असतो.

दुसरीकडे एक रासायनिक गोंधळही चालू असतो. ताणामुळे अक्षतंतूच्या आवरणातल्या सोडियमच्या वाहिन्या भलत्या वेळी उघडतात, सोडियम आत शिरतं आणि त्यामागोमाग कॅल्शियम. पोटॅशियम बाहेर पडतं. हे सगळं पूर्ववत करायला पेशीच्या पंपांना प्रचंड ऊर्जा, म्हणजे एटीपी, लागते, म्हणून ग्लुकोजचा वापर एकदम वाढतो. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो. काही वेळाने चक्र उलटं फिरतं आणि मेंदू ग्लुकोज वापरायचाच कमी करतो. उंदरांमध्ये ही मंदी सात ते दहा दिवस टिकते, माणसात ती आणखी लांबू शकते. आत साचलेलं कॅल्शियम दरम्यान प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम्स) जागी करतं. हा भाग थोडा किचकट झाला, पण लागोपाठच्या पराभवांचा अर्थ इथेच दडलेला आहे.

2009मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्याच गटाने अक्षतंतूंना इतका सौम्य ताण दिला, की वरकरणी काहीच नुकसान दिसेना. पण त्या अक्षतंतूंमध्ये सोडियमच्या वाहिन्यांची संख्या वाढली होती. चोवीस तासांनी तेवढाच सौम्य ताण पुन्हा दिला, आणि या वेळी कॅल्शियमचा लोंढा आत शिरून अक्षतंतू मरू लागले. पहिला धक्का निरुपद्रवी होता, दुसराही तेवढाच होता, फक्त तो लवकर आला. ‘मार खाऊन खाऊन तो टणक झालाय’ हे आपलं लाडकं वाक्य पेशीच्या पातळीवर नेमकं उलटं ठरतं. चामडी टणक होते, मुठीची हाडं टणक होतात, मानेचे स्नायू व्यायामाने बळकट होऊन डोक्याचं वळणं थोडं रोखू शकतात. अक्षतंतूंना मात्र सराव देता येत नाही.

नॉकआउटनंतर बॉक्सरवर काही आठवडे ते काही महिने न खेळण्याची वैद्यकीय बंदी येते. ती योग्यच आहे. पण लढतींच्या तारखांमध्ये मोठं अंतर असलं म्हणून मेंदूला तेवढी विश्रांती मिळाली, असं समजणं चूक आहे. पुनरागमनाच्या तयारीचं शिबिर म्हणजे कित्येक आठवड्यांचं स्पॅरिंग, म्हणजे सरावाच्या लढती. डोक्यावरचे पुष्कळसे ठोसे तिथेच बसतात, आणि त्यांची नोंद कुठल्याच विक्रमात होत नाही. न्यू जर्सीतले डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी 1928मध्ये झिंगल्यासारखे चालणारे, अडखळत बोलणारे बॉक्सर पाहून, डोक्यावर वारंवार मार बसून होणाऱ्या या आजारावर पहिला शोधनिबंध लिहिला. बचाव न करता मारामारी करणाऱ्यांबरोबरच सरावासाठी भाड्याने आणलेल्या दुय्यम बॉक्सरांमध्येही हे जास्त आढळतं, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. आज त्या आजाराचं निदान मृत्यूनंतर मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी साचलेल्या टाऊ प्रथिनावरून होतं. हे तेच टाऊ, जे एकेकाळी नलिका बांधून ठेवत होतं.

म्हणूनच पराभवांच्या रकान्यातला प्रत्येक आकडा सारखा नसतो. ब्रिटनचा हेवीवेट अँथनी जोशुआ 2021 आणि 2022मध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिककडून लागोपाठ हरला, पण दोन्ही वेळा गुणांवर. वाइल्डरचे फ्युरीविरुद्धचे दोन्ही पराभव मार खाऊन लढत मध्येच संपल्याचे, आणि 2021च्या लढतीत तर अकराव्या फेरीपर्यंत तो पुनःपुन्हा पडत-उठत होता. 2020च्या लढतीत टॉवेल फेकल्याबद्दल ब्रेलँडला नोकरी गमवावी लागली, याची मला आजही चीड येते. त्या रात्री त्या रिंगभोवती मेंदूची काळजी घेणारा निर्णय कोणी घेतला असेल, तर तो त्यानेच.

आपल्याकडे बेशुद्ध माणसाला कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची पद्धत अजून गेलेली नाही. उग्र वासाने माणूस दचकतो, पण अक्षतंतूंमधलं कॅल्शियम बाहेर जात नाही. दुचाकीवरून पडून दोन मिनिटं बेशुद्ध झालेला मुलगा शुद्धीवर आला की ‘काही झालं नाही’ म्हणून घरी नेऊ नका, दवाखान्यात न्या. सीटी स्कॅन साफ आला तरी पुढचे दिवस त्याला आराम द्या, कारण ताणलेले अक्षतंतू त्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. आणि हेल्मेट घालाच, ते कवटी फुटण्यापासून वाचवतं.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या वैद्यकीय संस्थेने 2011पासून लास व्हेगासमध्ये व्यावसायिक लढवय्यांच्या मेंदूंचा दीर्घ अभ्यास चालवला आहे. ज्यांच्या नावावर जास्त लढती, त्यांच्या मेंदूतले काही खोलवरचे भाग लहान झालेले आढळले. 2022मध्ये त्यांनी आणखी एक निष्कर्ष मांडला, आणि तो आशादायक आहे. ज्यांनी अभ्यासादरम्यान लढणं थांबवलं, त्यांच्या स्मरणशक्तीच्या आणि प्रतिसादवेगाच्या चाचण्या सुधारल्या, आणि जखमी अक्षतंतूंमधून रक्तात झिरपणाऱ्या एका प्रथिनाची पातळी उतरली. हे प्रथिन साध्या रक्ततपासणीत मोजता येतं. शिबिरापूर्वी एकदा, स्पॅरिंगच्या मध्यावर एकदा आणि लढतीच्या आधी एकदा ते मोजून आकडे उघड करावेत, अशी अट हेवीवेट पुनरागमनाच्या करारात घालायला तांत्रिक अडचण काहीच नाही.