बारा पंचकोनांचा हिशेब

घरात जुना काळा-पांढरा फुटबॉल पडला असेल तर हातात घेऊन त्याचे तुकडे मोजा. काळे पंचकोन बारा, पांढरे षटकोन वीस. तीन शिवणी एकत्र येतात अशा जागा साठ. त्या प्रत्येक जागी कार्बनचा एकेक अणू बसवला की झाला सी-६० हा रेणू.

फुटबॉलचं हे रूप १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापासून घरोघरी पोचलं. आकार मात्र फार जुना. आर्किमिडीजला तो ठाऊक होता. त्याचं मूळ लेखन हरवलं, पप्पस या नंतरच्या ग्रीक गणितज्ञाने नोंद ठेवली म्हणून आपल्याला कळलं. १५०९ साली छापलेल्या लुका पाचोलीच्या ग्रंथासाठी लिओनार्दो दा विंचीने या आकाराचं चित्र काढलं, तेही पोकळ सांगाड्याचं. आजच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ते बेमालूम खपून जाईल.

बारा हा आकडा मात्र चित्रकाराच्या मर्जीचा नाही. अठराव्या शतकात ऑयलरने दाखवलं की अशा बंद घनाकृतीत शिरोबिंदूंच्या संख्येतून कडा वजा केल्या आणि पृष्ठं मिळवली, की उत्तर २ येतं. फुटबॉलवर पडताळून पाहा: ६० − ९० + ३२. आता अट घाला की प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीनच कडा मिळतात आणि पृष्ठं फक्त पंचकोन किंवा षटकोन आहेत. समीकरण सोडवताना षटकोन आपोआप गळून पडतात आणि पंचकोन नेमके बारा उरतात. नुसते षटकोन कितीही जोडा, ग्रॅफाइटच्या थरासारखी सपाट चटईच होते. तिला बाक येतो तो पंचकोनामुळे.

रसायनशास्त्रात हा बाक आधी वाटीच्या रूपाने दिसला. मध्ये एक पंचकोन, भोवती पाच षटकोन, असा कोरॅन्युलीन नावाचा रेणू १९६६ मध्ये तयार झाला होता. जपानच्या एजी ओसावांना त्याची वाटी आणि मुलाच्या खेळण्यातला फुटबॉल यांचं नातं लक्षात आलं. पूर्ण गोल रेणूही टिकेल, असं त्यांनी १९७० मध्ये लिहिलं, पण जपानीत. त्यामुळे बाहेर फारसं कोणी वाचलं नाही. १९७३ मध्ये सोव्हिएत रशियात बोच्वार आणि गाल्पेर्न यांनी त्याची आकडेमोडही केली. तीही तशीच पडून राहिली. १९८४ मध्ये एक्सॉन या तेल कंपनीच्या संशोधकांच्या वस्तुमान वर्णपटात, म्हणजे कोणत्या वजनाचे कण किती हे दाखवणाऱ्या आलेखात, साठ अणूंचं शिखर शेजाऱ्यांपेक्षा उंच दिसत होतं. त्यांच्याही मनात पिंजरा आला नाही. समोर असूनही न दिसणं म्हणतात ते हेच.

सप्टेंबर १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात हॅरी क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली, तसंच जेम्स हीथ, शॉन ओब्रायन हे विद्यार्थी ग्रॅफाइटवर लेसर मारून ती वाफ हेलियममध्ये थंड करत होते. क्रोटोंना उत्सुकता होती ताऱ्यांभोवतीच्या लांब कार्बन साखळ्यांची. हाती आलं ते साठाचं शिखर, यंत्राची मांडणी जरा बदलली की बाकीच्यांना पार झाकून टाकणारं. क्रोटोंना मॉन्ट्रियलच्या १९६७ च्या प्रदर्शनातला वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलरचा घुमट आठवला. गंमत अशी की त्या घुमटाच्या फोटोंत षटकोनच नजरेत भरतात, आणि फसगत तिथेच होती.

स्मॉली रात्री घरी आधी संगणकावर झगडले, मग कागदाचे षटकोन कापून चिकटपट्टीने जोडू लागले. ओढूनताणूनही गोल मिटेना. तेव्हा क्रोटोंनी सांगितलेलं आठवलं: मुलांसाठी केलेल्या त्यांच्या पुठ्ठ्याच्या तारामंडळात (आकाशाचा नकाशा असलेल्या गोलात) पंचकोनही होते. एक पंचकोन कापला, भोवती पाच षटकोन लावले, कागद आपोआप वाटीसारखा वळला. पुढचे तुकडे जोडत गेल्यावर गोळा मिटला आणि कोपरे भरले साठ. सकाळी गणित विभागात फोन केला तर उत्तर आलं, अहो, हा तर फुटबॉल! तरी नाव मिळालं फुलरचं: बकमिन्स्टरफुलरीन. आर्किमिडीजवर जरा अन्यायच झाला.

साठ अणूंचे पंचकोन-षटकोनी पिंजरे १,८१२ तऱ्हांनी रचता येतात. त्यातल्या एकातच कोणतेही दोन पंचकोन एकमेकांना चिकटत नाहीत, आणि पंचकोन चिकटले की ताण वाढतो. टिकला तो हा एक. त्याची सममितीही जबर: फिरवणं आणि आरशातलं प्रतिबिंब धरून १२० क्रिया आहेत, त्यांतली कोणतीही केली तरी तो जसाच्या तसा दिसतो. म्हणजे साठही अणू एकसारखे. बंध मात्र दोन प्रकारचे: दोन षटकोनांमधले ३० आखूड, पंचकोनाच्या कडेचे ६० किंचित लांब.

१९८५ मध्ये हे सगळं एका शिखरावरून बांधलेलं अनुमान होतं, आणि शंका घेणारे पुष्कळ होते. १९९० मध्ये क्रेचमर आणि हफमन यांनी ग्रॅफाइटच्या काजळीतून सी-६० दिसेल, तोलता येईल इतका वेगळा काढला. त्याच्या अवरक्त वर्णपटात, म्हणजे तो कोणता अवरक्त प्रकाश शोषतो त्याच्या नोंदीत, या सममितीला शोभतील अशा चारच ठळक रेषा होत्या. मग क्रोटोंच्या इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या गटाने कार्बन एनएमआर घेतला. या चाचणीत वेगळ्या जागी बसलेल्या प्रत्येक प्रकारच्या कार्बन अणूची वेगळी रेषा येते. साठ अणूंची मिळून एकच रेषा. शेजारच्या सी-७० ला, म्हणजे सत्तर अणूंच्या पिंजऱ्याला, पाच रेषा आल्या. त्याचा पिंजरा मधोमध ताणल्यासारखा लांबट, षटकोन २५. पंचकोन तिथेही बाराच.