पाहुण्याची खोली आणि सरकारची पट्टी

दिवेआगरात शिरलं की नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या गडग्यांवर एकामागून एक पाट्या लागतात. "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय." तारकर्ली, देवबाग, गुहागर, हर्णै, कर्दे, कुठेही जा, शब्द तेच. गेल्या काही वर्षांत यात बिनपाटीच्या खोल्यांची भर पडली आहे. रत्नागिरी, दापोली, अलिबाग, मालवणच्या इमारतींतले फ्लॅट. मालक मुंबई-पुण्यात, बुकिंग मोबाइलवर, किल्ली शेजारच्या काकूंकडे.

अशा घरमालकांचे हिशेब बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. दर जुलैत, विवरणपत्र भरायच्या दिवसांत, तेच बोलणं नव्याने होतं. देवबागेतल्या एका मावशींनी ते सगळ्यात थेट सांगितलं होतं: "ह्यो धंदो खंयचो? घराक पावणे येतत, आमी तेंका जेवूक घालतंव." त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. तरी आलेला पैसा कुठल्या रकान्यात लिहायचा हे ठरवावंच लागतं. घर भाड्याने देणं हे मालमत्तेचं उत्पन्न की धंद्याचं? प्रत्येक कराने याचं उत्तर आपापल्या परीने दिलं, आणि ती सगळी उत्तरं आज एकाच खोलीवर येऊन पडली आहेत.

घरावरची पट्टी मराठी मुलखाला नवी नाही. जमिनीच्या साऱ्याशिवाय इथे मोहतर्फा असे. तो कारागिरांवर, दुकानांवर आणि काही ठिकाणी घरांवरही बसे. उत्पन्नावरचा कर मात्र इंग्रजांचा. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली तो आणला. पुढे तो बंद झाला, पुन्हा आला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा झाला. त्याच कायद्याने शेतीचं उत्पन्न करातून वगळलं. कोकणासाठी ही गोष्ट महत्त्वाची, कारण आंबा, नारळ, सुपारी यांच्या पैशावर प्राप्तिकर नाही ही समजूत इथे पिढ्यान्‌पिढ्या मुरली आणि ती खरीही होती. तिच्यातूनच पुढचा एक मोठा गैरसमज उगवला: वाडीत बांधलेल्या खोलीचं भाडंही वाडीचंच उत्पन्न. तसं नाही. शेताजवळची इमारत शेतीखेरीज कशासाठीही वापरली, भाड्याने राहायला दिली तरीसुद्धा, तर ते उत्पन्न शेतीचं धरायचं नाही, असं २००० सालच्या वित्त कायद्याने स्पष्ट लिहून टाकलं. कृषी पर्यटनाची पाटी लावली म्हणून खोलीचं भाडं करमुक्त होत नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं तेव्हा हे मला अनेकांना पुन्हा समजावून सांगावं लागलं.

१९२२ च्या प्राप्तिकर कायद्याने मालमत्तेच्या उत्पन्नाला वेगळं कलम दिलं, १९६१ च्या कायद्याने ती रचना पुढे चालवली. तिचा पाया लक्षात ठेवण्यासारखा आहे. घराचं उत्पन्न मोजताना हातात किती आलं एवढंच बघत नाहीत, ते घर वर्षाला किती भाडं मिळवू शकेल हेही बघतात. खर्चाच्या पावत्या मागत नाहीत. भरलेली घरपट्टी वजा करायची, उरलेल्यातून ठरावीक हिस्सा सोडायचा (२००१ च्या वित्त कायद्यापासून हा हिस्सा ३० टक्के झाला), कर्जाचं व्याज नियमाप्रमाणे वजा करायचं. ही रचना वर्षभर एकच भाडेकरू असलेल्या घरासाठी बेतलेली होती. शुक्रवारी येऊन रविवारी जाणारा पाहुणा, त्याच्यासाठी बदललेल्या चादरी, सकाळचे पोहे आणि रात्रीचं सुरमईचं ताट यांना तिच्यात जागाच नव्हती.

न्यायालयांना ही अडचण लवकर दिसली. मुंबईतली एक इमारत फर्निचरसकट हॉटेल चालवायला भाड्याने दिली गेली होती, आणि सुलतान ब्रदर्सचा तो खटला साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इमारत आणि सामान वेगळं करता येणार नाही अशा रीतीने एकत्र दिलं असेल, तर ते घरभाडंही नाही आणि धंदाही नाही, ते "इतर उत्पन्न", असा निकाल लागला. म्हणजे उत्तरं दोनाची तीन झाली. फ्रिज, एसी, गाद्या-पलंगांसह फ्लॅट देणारे आजचे मालक त्याच तिढ्यात उभे आहेत.

त्या काळात कोकणात मात्र हा प्रश्न उठतच नव्हता. घरी मुक्कामाला येणारा माणूस नात्यातला किंवा गाववाला. देवस्थानाच्या गावी भटजींच्या घरी उतरायची सोय, बाकी एसटी स्टँडजवळचं एखादं लॉज. चाकरमान्याची घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद. ती भाड्याने द्यायची छाती कोणाची नव्हती, आणि त्यामागे मुंबईचा अनुभव होता. १९४७ च्या मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायद्याखाली चाळीत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: भाडेकरू आत आला की निघत नाही. तो कायदा जाऊन नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पण धास्ती तशीच राहिली. माझ्या मते चार दिवसांचा पाहुणा कोकणी मालकाला मानवला तो याच धास्तीमुळे. तो पैसे देतो आणि निघून जातो.

मग काही गोष्टी एकामागोमाग घडल्या. १९७५ साली स्थापन झालेल्या पर्यटन महामंडळाने किनाऱ्यावर निवासं उभारली आणि गावकऱ्यांच्या घरांसाठी निवास-न्याहारी योजना आणली. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिवेआगरच्या एका वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला आणि एका शांत गावात माणसांची रीघ लागली. गावात हॉटेलं नव्हती. लोकांनी पडव्या साफ केल्या, माड्या उघडल्या. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पुढे वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले तेव्हा तिथेही मुक्काम गावकऱ्यांच्या घरातच. ती मूर्ती २०१२ च्या मार्चमध्ये चोरीला गेली. गावाने तो घाव सोसला, पण पाट्या उतरल्या नाहीत.

मुक्कामावर थेट कर बसवण्याची गोष्ट यापेक्षा दहा वर्षं जुनी, आणि तिचा रोख मोठ्या हॉटेलांकडे होता. १९८७ साली दोन कायदे आले. राज्याचा ऐषआराम कर हॉटेल आणि निवासगृहांवर, केंद्राचा खर्च-कर दिवसाला चारशे रुपये किंवा त्याहून महाग खोल्यांच्या हॉटेलांवर. केंद्राच्या कायद्याला हॉटेलवाल्यांनी आव्हान दिलं. चैनीवर कर बसवायचा अधिकार राज्याचा, केंद्राचा नव्हे, हा त्यांचा मुद्दा. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा कायदा उचलून धरला. तो कर २००३ साली संपला, राज्याचा पुढे चालू राहिला. शेणाने सारवलेल्या खळ्यातल्या खोलीला यांतलं काही लागत नव्हतं. तिला चैन म्हणणार कोण?

सेवाकराने चित्र बदललं. तो १९९४ पासून होता, पण १ मे २०११ पासून तीन महिन्यांहून कमी मुक्कामाची सोय त्याच्या कक्षेत आली. हॉटेल, धर्मशाळा, अतिथिगृह, तंबू, नाव काहीही असो. दिवसाला हजार रुपयांच्या आतली खोली मात्र मोकळी. हा हजाराचा उंबरठा पुढे वस्तू व सेवा करातही आला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, ऐषआराम कर आणि सेवाकर त्यात विरघळले, आणि हजाराच्या आत शून्य कर राहिला. नऊशे नव्व्याण्णव रुपये हा खोलीचा भाव मी तेव्हापासून बघत आलो. १८ जुलै २०२२ ला तो उंबरठाच काढून टाकला गेला आणि स्वस्त खोलीलाही १२ टक्के लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीचा दर ५ टक्क्यांवर आला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न घेता. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के.

दरांपेक्षा माझ्याकडे येणाऱ्यांना दोन जुने नियम जास्त अडवतात. पहिला वीस लाखांचा. सेवेची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ही उलाढाल एका पॅनवरची, देशभरातली, सगळ्या व्यवसायांची मिळून. ठाण्यात सल्लागार म्हणून नोंदणी असलेल्या माणसाने मालवणातला फ्लॅट पर्यटकांना दिला, तर पहिल्या रात्रीपासून त्याने कर आकारायला हवा. "घर राहायला दिलंय, राहत्या घराच्या भाड्यावर जीएसटी नसतो," हे उत्तर इथे चालत नाही. ती सवलत बिऱ्हाड करून राहणाऱ्यासाठी आहे, दोन रात्रींच्या पर्यटकासाठी नाही.

दुसरा नियम फार कमी लोकांना माहीत असतो. पाहुणा ऑनलाइन संकेतस्थळावरून आला आणि मालक वीस लाखांच्या आतला, तर खोलीवरचा जीएसटी संकेतस्थळाने भरायचा. २०१७ पासून कायदा असाच आहे. मावशींनी त्याची काळजी करायचं कारण नाही. संकेतस्थळावरून सेवा विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती होती, त्यातूनही अशा लहान मालकांना मोकळं ठेवलं गेलं. हा मला या साऱ्या इतिहासातला सगळ्यात समजूतदार निर्णय वाटतो.

त्याच संकेतस्थळांनी आणखी एक गोष्ट केली. १ ऑक्टोबर २०२० पासून त्यांनी मालकाच्या रकमेतून एक टक्का प्राप्तिकर कापायला सुरुवात केली. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का झाला. पॅन दिलेल्या व्यक्तीला वर्षाला पाच लाखांपर्यंत कपात नाही. कापलेली रक्कम किरकोळ, पण तिच्यामागे पॅन क्रमांक चालत जातो आणि २०२१ पासून मिळणाऱ्या वार्षिक माहिती विवरणात मालकाच्या नावापुढे येऊन बसतो. खोलीचं भाडं करपात्र नव्हतं असं कधीच नव्हतं. आधी ते रोख यायचं आणि वहीतही उतरत नव्हतं.

ग्रामपंचायतीची बाजू जुनीच. १९५८ च्या कायद्याने आणि १९६० च्या कर व फी नियमांनी घरपट्टीचा अधिकार पंचायतीला दिला. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर, होते आणि व्यावसायिक वापराला जास्त भारांक लागतो, म्हणजे पट्टी वाढते. असेसमेंटच्या उताऱ्यावर वापर "निवासी" लिहिलेला असताना अंगणात पाटी असेल, तर ग्रामसेवकाने विचारलं म्हणून रागावण्यात अर्थ नाही. पर्यटन खात्याकडे होमस्टे म्हणून नोंद केली की सगळे कर माफ, असं समजणारेही भेटतात. ती नोंद ओळख देते, काही सवलतींची वाट उघडते. प्राप्तिकर आणि जीएसटी आपल्या जागी राहतात.

आणि धंदा की घरभाडं हा मूळ वाद? त्याला २०२४ साली नवं वळण मिळालं. आकडा घेऊन सांगतो. वर्षाला सहा लाख रुपये आले, सगळे बँकेतून. ते घरभाडं धरलं आणि सोपेपणासाठी घरपट्टी बाजूला ठेवली, तर ३० टक्के वगळून चार लाख वीस हजार करपात्र, त्यातून व्याज वजा. तोच धंदा धरून अनुमानित उत्पन्नाची, म्हणजे उलाढालीचा ठरावीक हिस्साच नफा धरायची, सोय घेतली तर किमान सहा टक्के, म्हणजे छत्तीस हजार. ही सोय छोट्या धंदेवाल्यांसाठी होती, पण नुसतं घर भाड्याने देणारेही तिचा आडोसा घेऊ लागले. म्हणून त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने स्पष्टीकरण घातलं: मालकाने निवासी घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला तर ते उत्पन्न धंद्याचं नाही, घराच्या मालमत्तेचं. २०२४-२५ च्या उत्पन्नापासून ते लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, विभागणी तीच आहे.

फ्लॅटची किल्ली देऊन मोकळ्या होणाऱ्या मालकाला आता पळवाट नाही. गणपतीत आठ दिवस स्वतः राहिलो म्हणून ते "स्वतःच्या राहण्याचं घर", हेही चालत नाही. वर्षातला थोडा काळ जरी भाड्याने दिलं तरी ती सवलत जाते. पण जी बाई पहाटे उठून घावणे करते, चादरी धुते, पाहुण्याला संगमावर न्यायला होडीवाला बोलावते, ती नुसतं घर भाड्याने देते असं मला म्हणता येत नाही. तिच्या कमाईतली कितीशी भिंतींची आणि किती तिच्या हातांची? सेवा खरोखर दिली जात असेल तर तो व्यवसायच, असं मी मानतो आणि तसं लिहितो. अधिकाऱ्याने वेगळं म्हटलं तर दाखवायला कागद लागतो. म्हणून गेल्या हंगामापासून देवबागेतल्या मावशींच्या वहीत दोन रकाने झाले आहेत. एकात खोलीचे पैसे, दुसऱ्यात जेवणाचे. मासळीबाजाराच्या चिठ्ठ्या त्या मागच्या पानाला टाचणीने लावून ठेवतात.