अमेरिकेतील सार्वजनिक शालेय शिक्षण : समस्या व सुधारणा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सार्वजनिक शाळा करांच्या उत्पन्नातून चालतात व त्यांत शुल्क घेतले जात नाही. देशाच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेख नसल्याने हा विषय घटकराज्यांकडे राहिला आणि त्यांनी त्याचा कारभार बव्हंशी शाळा-जिल्ह्यांकडे सोपविला. असे सुमारे १३,००० जिल्हे आहेत. येथे जिल्हा म्हणजे महसुली विभाग नव्हे, तर केवळ शाळा चालविणारा आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी मालमत्ता कर बसविणारा स्थानिक घटक होय. या व्यवस्थेच्या पुष्कळशा दोषांचे मूळ याच रचनेत आहे.

कराचा दर चढा ठेवूनही गरीब वस्तीचे उत्पन्न तोकडेच राहते. याचे सर्वपरिचित उदाहरण टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथील आहे. १९६७-६८ मध्ये तेथील मुख्यतः मेक्सिकन वंशीयांच्या एजवुड जिल्ह्याने मालमत्तेच्या दर १०० डॉलर मूल्यावर १.०५ डॉलर कर आकारला; राज्याच्या योजनेतील आपला अनिवार्य वाटा भरल्यावर त्याच्या हाती विद्यार्थ्यामागे २६ डॉलर उरले. शेजारच्या सधन ॲलामो हाइट्सला ०.८५ डॉलर दराने ३३३ डॉलर मिळाले. सर्व अनुदाने धरूनही ही रक्कम अनुक्रमे ३५६ व ५९४ डॉलर होती. पालकांनी दाद मागितली. परंतु शिक्षण हा संघीय संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. पुढे असे दावे राज्यांच्या न्यायालयांत चालले आणि केंटकीत १९८९ मध्ये राज्याची संपूर्ण शालेय व्यवस्थाच घटनाबाह्य ठरली. अधिक खर्चाने शिक्षण सुधारते काय, याविषयी शैक्षणिक संधींच्या समानतेविषयीच्या १९६६ च्या सरकारी कोलमन अहवालापासून वाद आहे. त्या अहवालाने कौटुंबिक पार्श्वभूमीला अधिक महत्त्व दिले. न्यायालयीन आदेशांनी वाढलेल्या खर्चाचा मागोवा घेणारे अलीकडील अभ्यास मात्र खर्चाच्या बाजूने झुकतात व ते अधिक ग्राह्य वाटतात.

संघीय सुधारणांचा भर परीक्षांवर राहिला. २००२ मध्ये अंमलात आलेल्या कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत वाचन व गणिताची वार्षिक चाचणी सक्तीची केली आणि २०१४ पर्यंत सर्व विद्यार्थी प्रवीण व्हावेत असे ठरविले. प्रावीण्याची पातळी ठरविणे राज्यांच्याच हाती असल्याने काहींनी ती खाली आणली. २०१५ च्या कायद्याने चाचण्या कायम ठेवून उपाययोजनेचे बरेच अधिकार राज्यांना परत दिले.

सनदी शाळा, म्हणजे ठराविक मुदतीच्या कराराने स्वायत्तपणे चालणाऱ्या सार्वजनिक शाळा, या कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. मॅसॅचूसेट्समधील प्राध्यापक रे बड यांनी ती १९७४ च्या सुमारास मांडली, असे सामान्यतः मानतात. तथापि त्यांच्या योजनेत सनद शिक्षकांच्या गटांना व विभागांना मिळायची होती. शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी १९८८ मध्ये तिला देशव्यापी प्रसिद्धी दिली व नावाचे श्रेय बड यांनाच दिले. आजचा प्रकार प्रथम मिनेसोटाच्या १९९१ च्या कायद्यात दिसतो, म्हणून आरंभ तेथून धरणे अधिक योग्य ठरेल. या शाळांना संघटनाविरोधी वळण लागल्यावर शँकर स्वतः त्यांचे टीकाकार बनले.

खाजगी शाळांच्या शुल्कासाठी सार्वजनिक निधी देण्याची प्रथा व्हर्माँटमध्ये १८६९ पासून आढळते. अलीकडील अधिपत्र (व्हाउचर) योजनांचा, म्हणजे खाजगी शाळेच्या शुल्कासाठी पालकांना सार्वजनिक निधीतून ठराविक रक्कम देणाऱ्या योजनांचा, आरंभ १९९० मध्ये मिलवॉकी येथे झाला.