रस्त्याकडेच्या तीन चाचण्या आणि त्यांच्यावरचा भरवसा

अमेरिकेत दारूच्या संशयावरून गाडी अडवली, की चालकाकडून तीन गोष्टी करून घेतल्या जातात: पेनाच्या टोकामागे नजर फिरवणं, टाचेला चवडा लावत सरळ रेषेत नऊ पावलं जाऊन परत येणं आणि एक पाय उचलून तीस सेकंद उभं राहणं.

श्वासातली दारू मोजणारं यंत्र त्याआधीच आलं होतं. रोला हार्गर यांचं ड्रंकोमीटर १९३०च्या दशकातलं, रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांचं ब्रेथलायझर १९५४चं. पण चालकाला यंत्रापर्यंत न्यायचं की नाही, हे पोलिसाला रस्त्यावरच ठरवावं लागे आणि त्यासाठी ज्याची त्याची पद्धत असे. म्हणून महामार्ग सुरक्षेचं काम पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने १९७५ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया रिसर्च इन्स्टिट्यूटकडे अभ्यास सोपवला. मार्सेलीन बर्न्स आणि हर्बर्ट मॉस्कोविट्झ यांनी अनेक चाचण्यांतून या तीन निवडल्या.

त्यांचा १९७७चा अहवाल आजही वकील मंडळी उकरून काढतात, आणि ते साहजिक आहे. २३८ जणांवरच्या त्या प्रयोगात पोलिसांनी ज्यांना अटकेयोग्य ठरवलं, त्यांतल्या ४७ टक्के लोकांच्या रक्तात दारू तेव्हाच्या ०.१० टक्के या मर्यादेपेक्षा कमी होती. १९८१च्या सुधारित अभ्यासात हे प्रमाण ३२ टक्क्यांवर आलं. सुधारणा खरी, तरी दर तीन अटकांमागे जवळजवळ एक चुकीची.

१९९४ मध्ये स्पर्जन कोल आणि रॉनी नोवाचिक यांनी उलट बाजूने तपासलं. दारूचा थेंबही न घेतलेल्या २१ जणांचं चित्रण त्यांनी १४ पोलिसांना दाखवलं. ४६ टक्के वेळा पोलिसांचा निर्वाळा आला, की ही व्यक्ती गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही.

सरकारी बाजू मात्र १९९८च्या सॅन दिएगो अभ्यासाचा आधार घेते: ०.०८च्या मर्यादेला ९१ टक्के निर्णय बरोबर. आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे हे पाहायला हवं. तपासलेल्या २९७ चालकांपैकी बहुतेक जण मर्यादेच्या वरच होते. अशा गटात सरसकट सगळ्यांना प्यायलेले ठरवलं, तरी सत्तर टक्क्यांच्या वर गुण मिळतात! मर्यादेखाली होते ८३ जण. त्यांतल्या २४ जणांना पोलिसांनी मर्यादेच्या वर धरलं. ज्याने बेताची घेतली आहे किंवा घेतलेलीच नाही, त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा हा आहे.

शिवाय या चाचण्या पडताळल्या गेल्या त्या रक्तातल्या दारूच्या अंदाजासाठी. गाडी चालवण्याची क्षमता त्या थेट मोजत नाहीत. चालून वळण्याच्या चाचणीत तोल किंवा पाऊल चुकल्याच्या ठरलेल्या आठ खुणांपैकी दोन दिसल्या, की माणूस नापास. पासष्टीच्या पुढचे, पाठीच्या, पायाच्या किंवा आतल्या कानाच्या दुखण्याचे लोक तोल सांभाळताना अडखळू शकतात, हे पोलिसांच्या प्रशिक्षण पुस्तिकेतच नमूद आहे.

न्यायालयांनी मधला रस्ता धरला. १९८६ मध्ये ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेत्रचाचणी अटकेच्या सबळ कारणासाठी ग्राह्य धरली. २००२ मध्ये मेरीलँडच्या केंद्रीय न्यायालयाने सांगितलं, की या चाचण्यांवरून रक्तातल्या दारूचा नेमका आकडा सिद्ध करता येणार नाही. पुढे गांजा घेतल्याचा संशय असलेल्या चालकांवर याच चाचण्या वापरण्याचा प्रश्न आला. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसाला चालकाच्या हालचालींबद्दल साक्ष देऊ दिली, पण तो चाचणीत 'पास' किंवा 'नापास' झाला, असं म्हणायला मनाई केली.