कन्सोल कंपनीशी भागीदारी असूनही नोकऱ्या का गेल्या? डीएनए आणि निन्टेन्डो प्रकरणाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०१६ मध्ये टोकियोच्या डीएनए या मोबाइल गेम कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोतली आपली ‘डीएनए वेस्ट’ ही शाखा बंद करत असल्याचे जाहीर केले. पुढे दोनच महिन्यांत, १५ डिसेंबरला, याच कंपनीने निन्टेन्डोबरोबर केलेला ‘सुपर मारिओ रन’ आयफोनवर आला आणि पहिल्या चार दिवसांत ४ कोटी वेळा डाउनलोड झाला. जगातला सर्वांत ओळखीचा गेमनायक हाताशी असताना अमेरिकेतले कार्यालय कसे काय बंद पडते, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर २०१६ मध्ये सापडत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या नोकऱ्यांखालची जमीन २०१२ पासूनच सरकू लागली होती. निन्टेन्डोशी झालेला करार तिला सावरू शकला नाही, कारण त्या कराराची रचना मुळात त्यासाठी नव्हतीच.

डीएनएची स्थापना १९९९ ची. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतली भागीदारी सोडून आलेल्या तोमोको नांबा यांनी ती उभी केली आणि पहिला धंदा होता इंटरनेटवरचे लिलाव. गेमचा पैसा आला तो २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘मोबागे’मुळे. स्मार्टफोन येण्याआधीच्या जपानी फोनमध्ये ब्राउझर असायचा. त्या ब्राउझरवर चालणारे साधे गेम आणि खेळाडूंची आपसातली ओळखपाळख असे मोबागेचे स्वरूप होते. ऑक्टोबर २००९ मधल्या ‘काइतो रॉयल’ या चोरांच्या टोळ्यांच्या गेमने कंपनीला कमाईचे खोरे दाखवले. जानेवारी २०१० पासून मोबागे बाहेरच्या गेमकारांनाही खुले झाले. यातली कळीची बाब अशी, की दुकान डीएनएचे होते. खेळाडू मोबागेची नाणी विकत घ्यायचा, बिल मोबाइल सेवा कंपनीमार्फत वसूल व्हायचे आणि प्रत्येक गेमकाराच्या कमाईतून डीएनएला वाटा मिळायचा. स्वतःचा गेम पडला तरी दुसऱ्याच्या गेमवर कमाई चालू राहायची.

हेच दुकान जगभर थाटायचे म्हणून ऑक्टोबर २०१० मध्ये डीएनएने सॅन फ्रान्सिस्कोची एनजीमोको ही कंपनी घेतली. सौदा जास्तीत जास्त ४० कोटी डॉलरचा होता. त्यातले सुमारे ३० कोटी व्यवहार पूर्ण होताना आणि उरलेले सुमारे १० कोटी ठरलेली उद्दिष्टे गाठली तर, अशी विभागणी होती. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीतून बाहेर पडलेले नील यंग यांनी २००८ मध्ये ती सुरू केली होती. ‘रोलँडो’ आणि ‘वी रूल’ हे तिचे गाजलेले गेम. एनजीमोकोने बनवलेल्या ‘एनजीकोर’ या यंत्रणेत जावास्क्रिप्टमध्ये गेम एकदा लिहिला की तो आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर चालावा, अशी सोय होती. तिच्या जोरावर मोबागे अमेरिकेत रुजेल, असा हिशेब होता.

तो हिशेब एकाच कारणाने फसला, आणि ते कारण पुढच्या सगळ्या नोकरकपातींच्या मुळाशी आहे. आयफोन आणि अँड्रॉइडवर दुकान आधीच उघडलेले होते. खेळाडू ॲप स्टोअरमधून गेम घेतो, पैसे तिथेच भरतो आणि ॲपल किंवा गूगल ३० टक्के कापून घेतात. मग मधल्या मोबागेची गरज कुणाला? जपानात वाटा घेणारी कंपनी अमेरिकेत वाटा देणारी झाली. २०१२ मध्ये ‘रेज ऑफ बहामुत’ने अमेरिकेत गूगल प्लेच्या कमाईच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला, त्यामुळे सगळे सुरळीत असल्याचा भास झाला. पण तो गेम टोकियोच्या सायगेम्स या दुसऱ्या कंपनीचा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघांनी स्वतः घडवलेल्या गेमचे यश त्या पातळीला पोहोचले नाही. यंग यांनीही लवकरच कंपनी सोडली.

त्याच वर्षी घरच्या बाजारातही दोन तडाखे बसले. पहिला ‘कोंपू गाचा’चा. पैसे भरून चिठ्ठी काढायची, नशिबाने गेममधला एखादा पत्ता (कार्ड) मिळणार आणि ठरलेल्या पत्त्यांचा संच पूर्ण झाला तरच मोठे बक्षीस, अशी ती योजना. संच पुरा करण्यासाठी शेवटचे एक-दोन पत्ते मिळवताना खेळाडूंचे, त्यात शाळकरी मुलांचेही, हजारो येन जात. मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने ही पद्धत अवाजवी बक्षिसांना आळा घालणाऱ्या १९६२ च्या कायद्याचा भंग करत असल्याचे स्पष्ट केले. बातमी फुटताच डीएनए आणि तिची प्रतिस्पर्धी ग्री, दोघींचे शेअर कोसळले आणि महिनाअखेरीस कंपन्यांनी ही योजना गुंडाळली. हा निर्णय योग्यच होता. मात्र त्यामुळे ब्राउझर गेमच्या कमाईची मोठी नळी बंद झाली.

दुसरा तडाखा अधिक खोलवर गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये गुंगहो या कंपनीचा ‘पझल अँड ड्रॅगन्स’ आला. तो थेट फोनवर उतरवून घ्यायचा ॲप होता. बोटाने गोळे सरकवताना स्क्रीन जी चटकन साथ द्यायची, ती ब्राउझरमध्ये शक्यच नव्हती. खेळाडू तिकडे वळले. मार्च २०१३ ला संपलेल्या वर्षात डीएनएचे उत्पन्न सुमारे २०२ अब्ज येन होते, दोन वर्षांनी ते सुमारे १४२ अब्जांवर आले. ग्रीने तर ऑक्टोबर २०१३ मध्ये ओसाकाचे कार्यालय बंद करून सुमारे २०० जणांना स्वेच्छेने बाहेर पडण्याची योजना देऊ केली.

निन्टेन्डोची अडचण वेगळ्या वाटेने आली होती. ३डीएस हे हातातले कन्सोल (गेम खेळण्याचे यंत्र) विकले जाईना म्हणून ऑगस्ट २०११ मध्ये त्याची किंमत २५,००० येनवरून १५,००० वर आणावी लागली. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात कंपनीला ३७ अब्ज येनचा कामकाजी तोटा झाला. पुढचे वी यू हे टीव्हीला जोडायचे कन्सोल आयुष्यभरात जेमतेम १ कोटी ३५ लाख खपले. तरीही अध्यक्ष सातोरू इवाता यांनी कपातीला ठाम नकार दिला. अल्पकाळाचे आकडे सुधारण्यासाठी माणसे कमी केली तर उरलेल्यांचे मनोबल खचते आणि भीतीच्या सावलीत चांगले खेळ घडत नाहीत, अशी भूमिका त्यांनी २०१३ मध्ये भागधारकांसमोर मांडली. २०१४ च्या सुरुवातीला त्यांनी पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला. ही भूमिका मनापासूनची होती आणि तिचा आदर वाटतो. मात्र तिचे छत्र प्रामुख्याने क्योतोच्या मुख्यालयावर होते. जून २०१४ मध्ये निन्टेन्डोच्या युरोपीय शाखेने जर्मनीतले ग्रोसओस्टहाइमचे कार्यालय बंद करायचे ठरवले. तिथले १३० कर्मचारी आणि १९० कंत्राटी, अशा ३२० जणांवर गदा आली.

अशा स्थितीत १७ मार्च २०१५ ला इवाता आणि डीएनएचे अध्यक्ष इसाओ मोरियासू यांनी टोकियोत एकत्र येऊन भागीदारी जाहीर केली. निन्टेन्डोने डीएनएचे १० टक्के शेअर सुमारे २२ अब्ज येनला घेतले. डीएनएने निन्टेन्डोचे १.२४ टक्के शेअर तेवढ्याच रकमेला. दुसऱ्या दिवशी डीएनएचा शेअर बाजाराच्या एका दिवसाच्या कमाल मर्यादेपर्यंत चढला. पण आकडे शेजारी ठेवून पाहा: २२ अब्ज आले, २२ अब्ज गेले. एकमेकांत बांधून घेण्याचा हा व्यवहार होता, तिजोरीत भर घालणारा नव्हता. परदेशी शाखेचा तोटा काही वर्षे सोसता येईल असा पैसा यातून आलाच नाही.

कामाची वाटणीही लक्षात घ्यायला हवी. खेळाची कल्पना, पात्रे, हाताळणी निन्टेन्डोकडे; सर्व्हर, खाती, सदस्यत्वाची यंत्रणा आणि गेम रोज चालवण्याचे काम डीएनएकडे. दोन्ही कामे जपानात, एकमेकांच्या जवळ. मार्च २०१७ पर्यंत पाचेक गेम आणायचे ठरले होते आणि चांगले अभियंते तिकडे लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला या वाटणीत जागाच नव्हती. त्यांच्याकडे होते स्वतःचे नवे गेम आणि टोकियोतून आलेले गेम पश्चिमेत चालवणे.

नवे गेम का टिकले नाहीत, हे मोबाइलच्या गणिताशिवाय कळत नाही. गेम सगळीकडे आणण्याआधी कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडसारख्या छोट्या बाजारात उतरवतात. पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती खेळाडू परत आले ते मोजतात. मग जाहिरातीतून एक खेळाडू आणायला किती खर्च येतो आणि तो आयुष्यभरात सरासरी किती पैसे देतो, याची तुलना होते. उदाहरणापुरते धरा, की खर्च १५० रुपये आणि मिळकत १२०. म्हणजे १० लाख खेळाडू आणले की ३ कोटींचा खड्डा, आणि जाहिरात वाढवाल तितका तो मोठा. खेळ चांगला असूनही असे घडते, कारण जाहिरातीची बोली मोठे खिसे असलेल्या कंपन्या चढवत असतात. उरले दुसरे काम, आयात गेम चालवण्याचे. सर्व्हर आणि गेमचा मूळ संघ टोकियोत असेल तर भाषांतर व ग्राहकसेवा बाहेरून करून घेता येते आणि सगळे कार्यालय कागदावर ‘जादा’ ठरते. २०१६ मध्ये हेच झाले.

कुऱ्हाड परदेशी शाखेवर आधी का पडते, याचे उत्तर कायद्यातही आहे. जपानच्या कामगार करार कायद्याच्या १६ व्या कलमानुसार सबळ, वाजवी कारणाविना काढणे रद्दबातल ठरते. आर्थिक कारणाने काढायचे तर न्यायालये चार गोष्टी तपासतात: कपातीची खरी गरज, ती टाळण्याचे प्रयत्न, माणसे निवडण्याचा रास्त निकष आणि कामगारांशी झालेली चर्चा. म्हणून तिथे बदल्या, भरती थांबवणे, नाहीतर ग्रीसारखी स्वेच्छा योजना. कॅलिफोर्नियात ७५ किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेने ३० दिवसांत ५० जणांना काढले किंवा ठिकाण बंद केले, तर ६० दिवसांची लेखी सूचना कर्मचाऱ्यांना, राज्याच्या रोजगार विभागाला आणि स्थानिक प्रशासनाला द्यावी लागते. कारण योग्य आहे का, हे त्या कायद्यात कुणी तपासत नाही. नुकसानभरपाईचा पगारही बंधनकारक नाही. शेवटच्या दिवशी थकीत पगार आणि उरलेल्या सुट्ट्यांचे पैसे हातात पडले पाहिजेत, एवढेच. पुण्या-मुंबईहून एच-१बी व्हिसावर गेलेल्यांना असा काळ जास्त जाचतो. नोकरी सुटल्यावर ६० दिवस थांबण्याची मुभा देणारा नियम १७ जानेवारी २०१७ ला लागू झाला. त्याआधी तेवढीही हमी नव्हती.



इवाता जुलै २०१५ मध्ये वारले. त्यांच्यामागे भागीदारीचे फळ संमिश्र निघाले. ‘मिईतोमो’ हा पहिला ॲप मार्च २०१६ मध्ये आला आणि मे २०१८ मध्ये बंद झाला. ‘मारिओ रन’ची सुरुवातीची पातळी फुकट आणि मग एकदाच ९.९९ डॉलर, अशी रचना होती. जानेवारी २०१७ अखेर ७ कोटी ८० लाख डाउनलोडपैकी ५ टक्क्यांहून थोड्या अधिक खेळाडूंनी पैसे भरले. कमाई निन्टेन्डोच्या अपेक्षेला उतरली नाही. ‘फायर एम्ब्लेम हीरोज’, ‘ॲनिमल क्रॉसिंग: पॉकेट कॅम्प’ आणि ‘मारिओ कार्ट टूर’ यांनी घर चालवले. स्विच हे नवे कन्सोल तुफान खपू लागल्यावर मात्र निन्टेन्डोची मोबाइलची भूक ओसरली. एप्रिल २०२३ मध्ये दोघांनी ‘निन्टेन्डो सिस्टिम्स’ ही संयुक्त कंपनी काढली. निन्टेन्डोचे ८० टक्के, डीएनएचे २०, आणि काम गेमचे नव्हे, तर निन्टेन्डोच्या डिजिटल यंत्रणेचे.

मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात डीएनएला २८ अब्ज येनहून अधिक तोटा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये क्रीचर्स या कंपनीबरोबर केलेला ‘पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम पॉकेट’ आला आणि पुढच्याच वर्षी सुमारे २४ अब्ज येन नफा दिसला. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये नांबा यांनी सांगितले, की सध्याचे व्यवसाय चालवणाऱ्या सुमारे ३,००० माणसांचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निम्म्यांवर आणायचे आणि उरलेल्यांना नव्या व्यवसायांकडे वळवायचे. टोकियोत ‘वळवायचे’ असे म्हणता येते, कारण तिथे लोकांना काढण्याआधी दुसरे काम शोधून दाखवावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या कर्मचाऱ्यांपाशी असे कोणतेही कलम नव्हते.