खांदे आधी घाबरतात

संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला थांबलात की एकदा स्वतःच्या हातांकडे बघा. गाडी जागेवर उभी, तरी हँडल घट्ट आवळलेलं. खांदे कानापर्यंत चढलेले, दातावर दात. गेल्या वर्षी याच चौकात मी ट्रकखाली येता येता वाचले. त्यानंतर कित्येक महिने चौकाच्या अलीकडे, मुंबई नाक्यालाच माझे तळहात घामेजायचे.

भीती मनात असते असं आपण म्हणतो, पण अंगाला ती आधी कळते. धोक्याची चाहूल लागताच, विचार पुरता व्हायच्या आत, मेंदूतला बदामाच्या आकाराचा अमिग्डला हायपोथॅलॅमसला इशारा देतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात. ठोके वाढतात, स्नायू ताठतात. समोर खरंच ट्रक असेल तर यानेच जीव वाचतो. पंचाईत पुढे आहे. धडधडीची आणि ताठलेल्या खांद्यांची खबर उलट मेंदूकडे जाते, तिथला इन्सुला नावाचा भाग ती टिपतो आणि धोका अजून टळलेला नाही असा अर्थ लागतो. भीतीने अंग ताठतं आणि ताठलेल्या अंगाने भीती वाढते.

बुद्धाच्या सतिपट्ठान सुत्तात श्वासाची साधना सांगताना ‘पस्सम्भयं कायसङ्खारं’ असे शब्द येतात, म्हणजे देहाची खळबळ शमवत श्वास घेणं. पण त्याआधीच्या पायऱ्या मला जास्त मोलाच्या वाटतात. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड. मग सगळा देह जाणायचा, आणि शमवणं त्यानंतर. म्हणून खांद्यांना ‘खाली या’ म्हणून दटावायचं नाही, फक्त बघत राहायचं. माझ्या मानेखाली सुपारीएवढी गाठ आहे असं मला वाटायचं. नीट लक्ष दिलं तर तिथे ठणका होता, थोडी ऊब होती, मुंग्या होत्या, आणि मधेच काहीच नव्हतं.

आपल्या जिल्ह्यात इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात 1976 पासून हे शिकवतात. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस निव्वळ श्वासाचेच. अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी 1979 मध्ये अशाच ध्यानावरून आणि योगावरून एक अभ्यासक्रम बांधला; आता तो 8 आठवड्यांचा असतो. चिंताविकाराच्या 276 रुग्णांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो एस्सिटॅलोप्राम या औषधाच्या तोडीस तोड ठरला. पण म्हणून चालू गोळ्या परस्पर बंद करू नका. छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर. मोठ्या आघातातून गेलेल्या काहींना डोळे मिटून बसल्यावर भीती उलट वाढते. त्यांनी जाणकारासोबतच बसावं.

सुरुवात मात्र द्वारकेला नको, पांडवलेणीला करा. पायऱ्या चढून वर पोचलात की काळीज धडधडत असतं, घाम आलेला असतो, श्वास लागलेला असतो. अंगाची अवस्था बरीचशी भीतीतलीच, फक्त भीती नसते. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी कोरलेल्या त्या विहारांपाशी टेकायचं आणि ठोके आपोआप कसे उतरतात ते शेवटपर्यंत बघायचं. श्वास सोडताना व्हेगस नस हृदयाचा लगाम थोडा ओढते; मनगटावर बोट ठेवलंत तर ठोक्यांमधलं अंतर वाढलेलं अनेकांना जाणवतं.